माझे मत पुण्यात आहे, म्हणून विदर्भाचे तुम्हाला विचारतो

प्रति,
पुणे जिल्ह्यातील विधानसभेचे सर्व २१ सदस्य
आणि या जिल्ह्यात राहणारे विधान परिषदेचे सन्माननीय सदस्य

विषय : वेगळ्या विदर्भाचा प्रश्न, बंद पडलेली विकास मंडळे आणि आपले मौन

सप्रेम नमस्कार.

पत्र लांब आहे. पण सभागृहात आपण याहून लांब भाषणे ऐकता, तेव्हा एवढे वाचाल असे धरून चालतो.

मी मूळचा भंडारा जिल्ह्याचा, पवनी तालुक्यातला. घरची धानाची शेती आहे, ती भाऊ करतो. नव्वदच्या दशकात डिप्लोमा करून मी पुण्याला आलो, भोसरीत एका कारखान्यात लागलो, लग्न झाले, पुढे धायरीत घर झाले. रेशनकार्डापासून मतदार यादीपर्यंत माझी सगळी कागदपत्रे आता इथली आहेत. आपल्यापैकीच एकाला मी मत देत आलो आहे. आता भावाचा मुलगाही माझ्याकडे राहतो. तो नव्या पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. त्याच्यासारखी किती आहेत हे पाहायचे असेल तर संध्याकाळी शास्त्री रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी उभे राहा. वऱ्हाडी आणि झाडीबोली दोन्ही ऐकू येतील.

विदर्भाचा प्रश्न विदर्भाच्या आमदारांना विचारायचा सोडून पुण्याच्या आमदारांना का विचारतोस, असे मला माझ्याच सोसायटीत विचारले गेले. उत्तर आकड्यांत आहे. २००८ साली मतदारसंघांची फेररचना झाली तेव्हा विदर्भाच्या विधानसभेतल्या जागा ६६ वरून ६२ झाल्या आणि लोकसभेच्या ११ वरून १०. त्याच फेररचनेत पुणे जिल्हा १८ वरून २१ वर गेला. आधार होता २००१ च्या जनगणनेचा, आणि त्या जनगणनेत मी धायरीत मोजला गेलो. म्हणजे पवनीतून कमी झालेले एक डोके तुमच्या खात्यावर जमा झाले. आमची पोरे जितकी इकडे येतात तितका विधानसभेत विदर्भाचा आवाज बारीक होतो. आवाज बारीक झाला की कामे इकडे होतात, आणि कामे इकडे झाली की आणखी पोरे येतात. आता २०२७ ची जनगणना होईल, तिच्या मागोमाग आज ना उद्या पुढची फेररचनाही. तुमच्या २१ चे किती होतील ते होवोत, पण त्यातला वाढीव भाग कुठून आला हे आपल्याला माहीत असावे. माझे मत तुमच्याकडे आहे, तेव्हा माझ्या गावाचे गाऱ्हाणेही तुमच्याकडेच येणार.

लिहिण्याचे निमित्त म्हणाल तर दरवर्षीचेच आहे. १ मे आला की पुण्यातल्या कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून 'महाराष्ट्राचे तुकडे होऊ देणार नाही' ही घोषणा होते, टाळ्या पडतात, आणि पुढच्या १ मेपर्यंत विदर्भाचे नाव निघत नाही. घोषणेवर माझा राग नाही. राग आहे तो तिच्यानंतरच्या अकरा महिन्यांवर.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण इथे दोन गोष्टींची सरमिसळ फार लवकर होते. वेगळा विदर्भ म्हणजे देशातून फुटणे नव्हे. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला नवे राज्य करण्याचा अधिकार दिला आहे आणि तो अनेकदा वापरलाही गेला आहे. आंध्र १९५३ साली असाच झाला. छत्तीसगड, उत्तराखंड, झारखंड २००० साली आणि तेलंगण २०१४ साली. ही मागणी करणारा माणूस देशद्रोही ठरत नाही, तसा महाराष्ट्रद्रोहीही ठरत नाही. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात मराठी भाषकांचे आठ जिल्हे घेऊन विदर्भाचे स्वतंत्र राज्य करावे असेच सुचवले होते. त्या आयोगावरची फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर ही माणसे कोणाच्या फुटीरपणाला भुलणारी नव्हती.

आणि पुण्याने तर ही मागणी समजून घेण्यात सर्वांच्या पुढे असायला हवे. संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ रोजी याच शहरात, टिळक स्मारक मंदिरात, केशवराव जेध्यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाली. 'आमचे राज्य कसे असावे हे दिल्लीने परस्पर ठरवू नये' हा त्या चळवळीचा गाभा होता. त्यासाठी शंभराहून अधिक माणसे गोळीबारात गेली. त्यांच्यापुढे नतमस्तक होणारा माणूस विदर्भाच्या बाबतीत मात्र 'लोकांना विचारायची गरजच नाही' असे कसे म्हणू शकतो, हे मला कळत नाही. दिल्लीच्या जागी मुंबई-पुणे आले की तत्त्व बदलते का?

आता तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत. ज्या हलक्या आहेत त्या लवकर आटोपतो.

सर्वांत जुनी नागपूर कराराची. २८ सप्टेंबर १९५३ चा हा करार, सह्या करणाऱ्यांत यशवंतराव चव्हाण आणि भाऊसाहेब हिरे होते. विदर्भाने मराठी राज्यात यावे म्हणून दिलेली ती लेखी हमी होती : लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, सरकारी नोकऱ्यांत आणि तांत्रिक शिक्षणात योग्य वाटा, दरवर्षी ठरावीक काळ सरकारचा मुक्काम नागपूरला आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तिथे. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, उच्च न्यायालय स्वतःचे होते. ते सोडून माणसे आली ती या कागदावर विश्वास ठेवून. आज त्यातले दिसायला उरले आहे ते हिवाळी अधिवेशन. २०२० आणि २०२१ साली तेही नागपुरात झाले नाही. पहिल्या वर्षी कोरोना होता, समजू शकतो. २०२४ चे अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवसांचे. निवडणूक नुकतीच झाली होती, मंत्रिमंडळ नवे होते, ही कारणे मला ठाऊक आहेत. दरवर्षी एक नवे कारण असते आणि प्रत्येक कारण सुटे पाहिले तर पटण्यासारखे असते, हीच तर तक्रार आहे. सरकारचा मुक्काम म्हणजे आठवडाभर रविभवनच्या खोल्या भरणे आणि हुरडा पार्टी उरकून परतणे, असे काही करारात लिहिलेले नव्हते.

दुसरी तक्रार विकास मंडळांची, आणि हे पत्र आत्ता लिहिण्याचे खरे कारण तेच. राज्यघटनेच्या ३७१(२) या अनुच्छेदात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची आणि राज्यपालांच्या विशेष जबाबदारीची तरतूद १९५६ पासून आहे. प्रत्यक्षात मंडळे यायला १९९४ उजाडले. त्यांच्यापाशी फार मोठे अधिकार होते असे नाही, पण कोणत्या भागाला किती मिळाले आणि किती राहिले याचा अहवाल विधिमंडळापुढे येत होता. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय घेतला. निर्णयाच्या बातम्या झाल्या, अभिनंदनाचे फलक लागले. त्यानंतरच्या वर्षांत मंडळ काम करताना निदान आमच्या जिल्ह्यात तरी कोणाला दिसलेले नाही. घटनेत लिहिलेली एक व्यवस्था इतका काळ बंद राहते आणि पुणे जिल्ह्यातला एकही आमदार सभागृहात उठून 'का?' असे विचारत असल्याचे माझ्या कानावर येत नाही. कुणी विचारले असेल तर तारीख कळवा, मी जाहीर आभार मानीन.

यात पुण्याची एक गंमत आहे. विदर्भाचा अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत मागे राहिलेली कामे, प्रथम नीट मोजला तो प्रा. वि. म. दांडेकरांच्या समितीने, म्हणजे आपल्या गोखले इन्स्टिट्यूटच्या माणसाने. १९८४ च्या त्या अहवालात राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटींचा निघाला आणि त्यातला सुमारे ३९ टक्के एकट्या विदर्भाचा होता. पुढे २०११ साली जी समिती नेमली तिचे अध्यक्ष डॉ. विजय केळकर, तेही पुण्याशी जोडलेले. त्यांचा अहवाल २०१३ मध्ये सरकारकडे गेला आणि सभागृहापुढे आला तो २०१४ च्या डिसेंबरात. आमची तूट किती हे सांगायला आम्हाला नागपूरहून कोणी आणावे लागले नाही. ते इथल्याच विद्वानांनी सांगितले. बी.एम.सी.सी. रस्त्यावरच्या ग्रंथालयात जाऊन आपण ते चाळू शकता.

एकत्र कुटुंबात राहायचे तर हिशेबाची वही सगळ्यांना दिसेल अशी ठेवावी लागते. वही कपाटात गेली की धाकट्या भावाला वाटणी सुचते. १९९४ नंतर ती वही थोडी उघडली होती. २०२० ला ती पुन्हा कपाटात गेली.

तिसरी तक्रार पाण्याची. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण शेवटी सगळे इथेच येऊन अडते.

पुण्यात दरवर्षी कालवा सल्लागार समितीची बैठक होते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांतले पाणी शहराला किती आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला किती, यावर खडाजंगी होते. मी ती बातमी दरवर्षी वाचतो आणि खरे सांगायचे तर मला हेवा वाटतो. तुमचे भांडण कालव्यातल्या पाण्याचे आहे. आमचे अजून कालव्याचेच आहे.

वैनगंगा ही महाराष्ट्रातल्या मोठ्या नद्यांपैकी एक, आणि ती आमच्या तालुक्यातून वाहते. तिच्यावरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. तेव्हा अंदाजित खर्च होता ३७२ कोटी. अडीच लाख हेक्टर शेती भिजणार होती. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, केंद्राचा पैसा येऊ लागला. खर्च अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला आणि काम अजून पुरे व्हायचे आहे. मधल्या काळात निविदांच्या चौकशा झाल्या, गुन्हे दाखल झाले, कालव्यांच्या अस्तरीकरणाच्या दर्जाचा प्रश्न निघाला. बुडितातली गावे कधीच उठली. जलाशयात मात्र पाणी साठले, आणि त्यात नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून येऊन मिसळते. पवनीला वैनगंगेचा घाट आहे, जुनी देवळे आहेत, लोक श्रद्धेने स्नानाला येतात. त्यांनी कोणत्या पाण्यात उतरावे ते आपण सांगा.

याच भागात शेकडो वर्षांपूर्वी कोहळी समाजातल्या लोकांनी तलाव खणले. मालगुजारी गेल्यावर ते सरकारकडे आले. आम्ही त्यांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतो. कोणत्याही इंजिनिअरने आखलेले नसताना उताराचा नेमका अंदाज घेऊन एकाखाली एक बांधलेले. माझ्या भावाच्या बांध्यांना आजही पाणी मिळते ते अशाच एका गाळ भरलेल्या तलावाचे. म्हणून आमच्याकडचा शेतकरी आळशी आहे, त्याला सिंचन नको असते, हे वाक्य पुण्यात ऐकले की मी तिथून उठून जातो. हे वाक्य मी कँटीनमध्ये ऐकले आहे, लग्नात ऐकले आहे आणि एका सुशिक्षित सभेतही ऐकले आहे. आळशी माणसे इतके तलाव खणत नाहीत.

पश्चिम विदर्भाचे चित्र आणखी वाईट. अमरावती विभागातला सिंचनाचा अनुशेष राज्यपालांच्या निर्देशांनंतरही वर्षानुवर्षे रेंगाळला. यवतमाळ, वाशीम, बुलढाणा ही नावे पुण्याच्या वर्तमानपत्रात शेतकरी आत्महत्येच्या बातमीखेरीज कधी येतात? निधीची तरतूद होते, पण ती वेळेत खर्च होत नाही किंवा दुसरीकडे वळते, ही ओरड जुनी आहे. ती खरी की खोटी हे सांगणारी यंत्रणा म्हणजे विकास मंडळ, आणि मंडळाचे काय झाले ते वर लिहिलेच आहे.

विजेचे थोडक्यात. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. कोराडी आणि खापरखेडा वेगळे. वीज ग्रिडमधून राज्यभर जाते, त्याबद्दल तक्रार नाही, ग्रिड असतेच त्यासाठी. राख आणि धूर मात्र चंद्रपुरातच राहतो. एवढीच नोंद.

आता तुमच्या बाजूचे मुद्दे घेतो. ते मी टाळले तर पत्राला अर्थ राहणार नाही, आणि त्यातले काही मला खरोखर टोचतात.

'मुख्यमंत्री तर तुमचेच होते आणि आहेत.' खरे आहे. मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, देवेंद्र फडणवीस. पुसदचे वसंतराव तर १९६३ ते १९७५ असे सलग अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री होते. एवढे असूनही अनुशेष वाढला, याला आमचे नेतृत्वही जबाबदार आहे. वेगळ्या राज्याचा ठराव भुवनेश्वरला १९९७ साली करणाऱ्या भाजपने २००० मध्ये तीन नवी राज्ये केली आणि विदर्भ बाजूला ठेवला, कारण मित्रपक्ष शिवसेनेला तो नको होता. विरोधी बाकांवर असताना विदर्भवादी आणि सत्तेत गेल्यावर अखंड महाराष्ट्रवादी हा प्रवास आमच्याकडच्या सगळ्या पक्षांनी केला आहे. पण यातून एवढेच सिद्ध होते की माणूस बदलून भागत नाही. ६२ आमदारांच्या भागातून आलेला मुख्यमंत्रीही उरलेल्या २२६ जणांच्या बळावरच खुर्चीत बसतो.

'वेगळे राज्य झाले तर ते चालणार कसे?' हा सर्वांत गंभीर प्रश्न. राज्याच्या महसुलात मुंबई, ठाणे, पुण्याचा वाटा फार मोठा आहे, आणि विदर्भ वेगळा झाला तर पहिली काही वर्षे तरी केंद्राच्या मदतीवर काढावी लागतील. कोळसा, लोखंड, मँगनीज, जंगल हे सगळे आहे, पण खाणी असल्या की राज्य सुखी होते असे झारखंडकडे पाहून कोणी म्हणणार नाही. तिथे २००६ मध्ये एक अपक्ष आमदार मुख्यमंत्री झाला होता. वेगळ्या विदर्भाचे खंदे समर्थकही या प्रश्नाला घाईघाईने उत्तर देतात, ते मला आवडत नाही. म्हणूनच माझी मागणी आधी हिशेबाची आहे. दोन्ही बाजू आपापले आकडे फेकतात. सरकारने तटस्थ अर्थतज्ज्ञांकडून विदर्भाचे उत्पन्न आणि खर्च मांडून घ्यावा आणि छापावा. एका पुणेकराच्या अध्यक्षतेखाली छापला तरी चालेल, तशी परंपराच आहे.

'नागपूरला काय कमी दिले?' हे मेट्रोच्या निमित्ताने ऐकावे लागते. नागपूरची मेट्रो २०१९ ला धावली, पुण्याची २०२२ ला. एम्स आहे, आयआयएम आहे, समृद्धी महामार्ग तिथूनच सुरू होतो. सगळे मान्य. पण नागपूर म्हणजे विदर्भ नव्हे. मेळघाटातल्या आईला किंवा भामरागडच्या विद्यार्थ्याला नागपूरच्या मिहान या विमानतळ आणि उद्योग प्रकल्पाचा काय उपयोग? माझा भाऊ वेगळ्या राज्याच्या विरोधात आहे, त्याचे कारण हेच. तो म्हणतो, 'आज मुंबई खाते, उद्या नागपूर खाईल, आपल्या धानाला दोघेही भाव देणार नाहीत.' आमचा यावर दर दिवाळीला वाद होतो आणि अजून कोणी कोणाला पटवलेले नाही.

तेलंगणाचे उदाहरण दोन्ही बाजू वापरतात, म्हणून सांगतो. आमच्या गडचिरोलीतल्या सिरोंच्याला मुंबईपेक्षा हैदराबाद किती तरी जवळ. २०१४ साली जन्मलेल्या त्या राज्याने सिरोंच्याच्या समोर गोदावरीवर मेडीगड्डा बंधारा बांधून २०१९ च्या जूनमध्ये त्याचे उद्घाटनही केले. पाच वर्षांत. आमचे गोसीखुर्द तेव्हा एकतीस वर्षांचे झाले होते. राजधानी जवळ असली आणि इच्छा असली तर काय होते, ते यात दिसते. पण त्याच बंधाऱ्याच्या फुगवट्याने सिरोंच्यातल्या आमच्या शेतकऱ्यांची शेते पाण्याखाली गेली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे खांब खचले. नवे राज्य म्हणजे आपोआप चांगले राज्य नव्हे, हे मला मान्य आहे. पण हा विचार विदर्भातल्या लोकांनी करायचा आहे, आणि तो करायची वेळ आजवर त्यांच्यावर कोणी येऊच दिलेली नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की करार पाळा, नाहीतर लोकांना विचारा. दोन्ही न करता घोषणा देत राहणे आता पुरे.

'विचारायचे कसे, आपल्याकडे अशी पद्धत नाही' असे कायद्याची जाण असलेले लोक सांगतात. पद्धत आहे, आणि शेजारी आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यासाठी संसदेने १९६६ मध्ये कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल घेतला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. महाराष्ट्र हरला. पुण्या-मुंबईत पुष्कळांना वाईट वाटले, पण निकाल मान्य झाला, आणि आज आपण गोव्याला सुट्टीला जातो तेव्हा कोणाच्या मनात कटुता नसते. विलीन करून घ्यायचे होते तेव्हा कौल चालला. वेगळे व्हायचे म्हटले की तो घटनाबाह्य कसा होतो?

बाहेर पाहायचे तर दोन नमुने समोर आहेत, आणि तिथे तर प्रश्न राज्याचा नव्हे, थेट वेगळ्या देशाचा होता. स्कॉटलंडच्या बाबतीत लंडनने २०१२ मध्ये करार करून सार्वमताला संमती दिली. १८ सप्टेंबर २०१४ ला ८४.६ टक्के लोकांनी मतदान केले, ५५.३ टक्क्यांनी 'नाही' म्हटले, स्कॉटलंड ब्रिटनमध्ये राहिला. वाद संपला असे नाही, पण एकही डोके फुटले नाही. स्पेनने कॅटलोनियात उलट केले. न्यायालयाने स्थगिती दिलेले सार्वमत तिथल्या सरकारने १ ऑक्टोबर २०१७ ला रेटले, माद्रिदने मतदान केंद्रांवर पोलीस घातले, म्हाताऱ्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, नेत्यांना मोठ्या शिक्षा झाल्या आणि पुढे माफीही द्यावी लागली. दोन्हीकडे देश एकसंधच राहिले. कोणत्या मार्गाने राहिले, ते पाहण्यासारखे आहे.

स्कॉटलंडमधली एक बारीक गोष्ट मला जास्त भिडली. मत तिथे राहणाऱ्यांना होते, मग ते मूळचे कुठलेही असोत. जन्माने स्कॉटिश पण लंडनमध्ये राहणाऱ्याला नव्हते. हाच नियम विदर्भाला लावला तर अकरा जिल्ह्यांत राहणारा मारवाडी, तेलुगू, हिंदी भाषक, कामासाठी आलेला पुणेकर, सगळे मतदान करतील आणि मी करणार नाही. ते योग्यच आहे. राहणाऱ्याने ठरवावे. माझा कल विचाराल तर आजच्या स्थितीत मी वेगळ्या राज्याला होकार देईन. करार अक्षरशः पाळला गेला तर कदाचित देणार नाही. पण माझा कल इथे गौण आहे. भावाचे मत मोजले जावे, जरी ते माझ्या विरोधात पडले तरी.

आता मागण्या.

१. विकास मंडळांच्या पुनर्गठनाची आजची नेमकी स्थिती सरकारने सभागृहात तारखांसह सांगावी, आणि ती कामाला लागेपर्यंत आपण प्रत्येक अधिवेशनात हा प्रश्न विचारावा.

२. अर्थसंकल्पासोबत प्रदेशवार हिशेब छापला जावा : तरतूद किती, प्रत्यक्ष दिले किती, खर्च किती, वळवले किती आणि कुठे. विदर्भात नागपूर आणि अमरावती हे विभाग वेगळे दाखवावेत, म्हणजे भावाची शंकाही तपासता येईल. हाच हिशेब मराठवाड्याचाही यावा. ते आमच्याइतकेच, काही बाबतींत अधिक सोसत आले आहेत.

३. नागपूर अधिवेशनाचा किमान कालावधी कायद्याने ठरवावा आणि त्या काळात मंत्रालयाचे सचिव तिथे बसावेत. कालावधी किती, यावर चर्चा होऊ द्या; सहा दिवस नक्कीच नाही.

४. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत गोव्याच्या धर्तीवर जनमत कौल घेणारा कायदा संसदेने करावा, अशी शिफारस करणारा अशासकीय ठराव आपल्यापैकी कोणीतरी मांडावा. विदर्भाच्या आमदाराने मांडला तर त्यावर फुटीरतेचा शिक्का बसतो. पुण्याच्या आमदाराने मांडला तर बसणार नाही. राज्याच्या विधिमंडळाचे मत संसदेवर बंधनकारक नसते हे मी जाणतो. आंध्रच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये तेलंगणाचे विधेयक फेटाळले आणि फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केले. तसे वरून लादलेले आम्हाला नको आहे. इथून आधी माणुसकीचा शब्द निघावा, एवढ्यासाठी हा आग्रह.

आपण कौलाच्या विरोधात असाल तर तसे स्वच्छ सांगा आणि कारण द्या. मी त्याचा आदर करीन, आणि पटले नाही तर पुन्हा लिहीन. फक्त 'भावना समजतो' असे उत्तर पाठवू नका, ते माझ्याकडे आधीच आहे.

उत्तर लेखी आणि जाहीर द्यावे ही विनंती. पुढच्या निवडणुकीत आपल्या पदयात्रा धायरीतून जातील, तेव्हा वरच्या चारही मागण्या मोठ्या अक्षरांत छापून आमच्या सोसायटीच्या फाटकावर लावलेल्या असतील. प्रत्येक मागणीपुढे सहीसाठी जागा सोडली जाईल.

आपला,
धायरीतला एक मतदार
(मूळ गाव तालुका पवनी, जिल्हा भंडारा)